दुखणं शांत होतं ती वर्षं

मुलगा चार महिन्यांचा होता. एका सकाळी तो रडला म्हणून मी उठायला गेले आणि मला उठताच येईना. कंबरेच्या खाली, दोन्ही बाजूंना अगदी आत, कुणी लाकडात पाचर ठोकावी तसं काहीतरी ठोकलेलं होतं. मी कुशीवर वळले, हात जमिनीला टेकले, रांगत दारापर्यंत गेले आणि चौकट धरून उभी राहिले. तोवर सासूने मूल उचलून मांडीवर घेतलं होतं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, रात्री वेडंवाकडं निजले असेन. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग ते रोजचंच झालं.

माझं माहेर कळंबच्या बाजूचं. वडील थोडी भातशेती करायचे. आमच्या वस्तीत सगळ्यात आधी धम्म घेतला त्यांत ते होते. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने टोपलीत भरून नदीत सोडले होते, आणि मुलीला शिकवायचं हेही त्याच हट्टाने ठरवलं होतं. मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन कुंभिवलीला आले. तिथे हमरस्त्याला लागून नवऱ्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. घाट चढायच्या आधी आणि उतरल्यावर ट्रकवाले तिथे थांबायचे. घरात नवरा, सासू आणि मी. मी गावच्या शाळेत शिकवायचे. लग्नानंतरची दोन वर्षं आम्ही सुखात होतो, असं मी आजही म्हणेन.

दुखण्याची तऱ्हा विचित्र होती. सकाळी मी जखडलेली असायचे. मान, पाठ, कंबर एकाच फळीची केल्यासारखी. वाकून चूल पेटवता यायची नाही. पण घरातली कामं करत, शाळेत चालत जात, वर्गात फिरत राहिले की हळूहळू अंग सुटायचं. दुपारी मी विहिरीवरून भरलेली कळशी आणायचे. संध्याकाळी जरा टेकले की पुन्हा आखडायला लागायचं, आणि पहाटे तर दुखण्यानेच जाग यायची.

सासूला हे कळायचं नाही. ती मला म्हणाली, "सकाळच्याला लाकूड नि दुपारच्याला हरीण! ह्ये कंचं दुखनं गं? दुखतंय तर दिसभर दुखाया पायजे."

मलाही तेच वाटायचं. ती वाईट बाई नव्हती. तरुणपणी विधवा होऊन लोकांच्या शेतात लावणी करत तिने मुलगा वाढवला होता. तिच्या लेखी माणूस एक तर आजारी असायचा, नाही तर नसायचा. मी रोज दोन्ही होते.

शाळेत खुर्चीवर बसणं सगळ्यात वाईट. बसले की उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागायचा, म्हणून मी फिरत शिकवायचे. पाढे म्हणवत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हेडमास्तर दारातून म्हणायचे, "बाई, बसा की जरा. पोरांना तुमच्याकडे बघून चक्कर येईल." पोरं हसायची. मीही हसायचे.

गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, हा बाळंतवात. बाळंतपणात कंबर उघडी राहिली, वारा शिरला. सुईणीने तेल लावून चोळलं, वीट तापवून शेकलं. शेकताना बरं वाटायचं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की मला विश्रांती हवी. सासूने मला महिनाभर उठू दिलं नाही. पाणी हातात, जेवण हातात. ते तिने खरोखर मायेने केलं आणि त्या महिन्यात मी जास्तच आखडले. महिन्याच्या शेवटी मला मान वळवून दाराकडे बघता येत नव्हतं. अंग सुकलं, बारीक ताप यायला लागला. मूल पाजायला घेतलं की खांदे भरून यायचे.

तेव्हा नवरा मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. पाठीचा फोटो काढला. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्या काळात आमच्या भागात क्षय घरोघरी होता आणि पाठीच्या मणक्यांचा क्षय त्यांनी कितीतरी पाहिला होता. तरुण बाई, ताप, अंगाने वाळलेली, पाठ ताठ. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि नवऱ्याला सांगितलं, "मणक्याचा क्षय वाटतो. इंजेक्शनं द्यावी लागतील. आणि पाठ अजिबात हलता कामा नये. प्लास्टर घालू."

"किती दिवस?" नवऱ्याने विचारलं.

"वर्षभर धरून चाला."

बगलेपासून ओटीपोटापर्यंत मला प्लास्टर घातलं. ओलं होतं तोवर ते गार लागत होतं, मग वाळत गेलं तसं आवळत गेलं. टेंपोत फळीवर निजवून मला घरी आणलं. सासू दारातच उभी होती. तिने माझ्या पोटावर बोटाने टकटक केलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. त्या दिवसापासून ती मला हरीण म्हणाली नाही.

क्षय हा शब्द गावात माझ्या आधी पोचला होता. मुलाला माझ्याजवळ ठेवायचं नाही असं ठरलं. पाठीचा क्षय लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते की नाही, मला आठवत नाही. म्हणाले असते तरी कुणी ऐकलं नसतं. माझी आई येऊन त्याला कळंबला घेऊन गेली. मला उठता येत नव्हतं, म्हणून तिने तो माझ्या तोंडासमोर धरला. त्याने माझं नाक पकडलं. मग ती म्हणाली, "चल रं बाळा, एस्टी जाईल," आणि गेली. पुढचे काही दिवस दूध दाटून यायचं. छातीवर प्लास्टर. दुधाला जायला जागा नव्हती. सासूने फडकी भिजवून कडेने पुसली. ती एवढंच म्हणायची, "सुकंल गं. सुकंल." आणि ते सुकलं.

पडून राहणं म्हणजे काय हे मी सांगू शकत नाही. छपराचे वासे, त्यांतली एक कोळ्याची जाळी आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचे आवाज. इंजेक्शनांनी माझ्या कानात सतत घंटा वाजायची. मी तिच्यावर पाढे बसवून म्हणायचे. आत, प्लास्टरच्या आत, पाठ दुखायची थांबली नव्हती. उलट आता दुपारीही दुखायची, कारण चालून ती मोकळी करायला काही उपाय नव्हता. सासूच्या म्हणण्याप्रमाणे ती आता दिवसभर दुखत होती. मी खरी आजारी झाले होते.

एका दुपारी वडील आले. ते नेहमी यायचे तेव्हा मोठ्याने बोलत यायचे. त्या दिवशी गप्प येऊन उशाशी बसले. खिशातून कागदाची पुडी काढली, उघडली, पुन्हा बंद केली. मी विचारलं, "काय ते?"

ते म्हणाले, "काय नाय."

मग म्हणाले, "वर डोंगरात वाडीवर एक भगत हाय. लई लोक जातात."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी पुडी उघडली. काळा दोरा आणि अंगारा. देव नदीत सोडणारा माझा बाप, विहारात सगळ्यांना वंदना शिकवणारा, डोंगर चढून भगतापुढे बसून आला होता. त्यांनी मला विचारलं, "बांधू का?" ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते.

मी म्हटलं, "बांधा."

माझ्या मनगटाला गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला. अंगारा मात्र त्यांनी लावला नाही, पुडीसकट घेऊन गेले. जाताना म्हणाले, "तुज्या आयला सांगू नको." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की घरच्यांनी माझी आशा सोडली आहे. त्याआधी मी एकटीनेच सोडली होती. त्यांच्या आधारावर मी एकटी निराश राहू शकत होते. आता तोही आधार गेला.

वैशाख लागला. घामाने प्लास्टरच्या आत कातडी सोलवटली. वास यायला लागला, तो मलाच आधी आला. मग मुंग्या आल्या. त्या आत शिरताना समजायचं, पण हात पोचायचा नाही. मी सासूला झाडूची काडी मागून आत खुपसायचे. शेवटी एका दुपारी मी ओरडायला लागले. नवरा दुकानातून धावत आला.

"काढा ह्ये," मी म्हटलं.

"डॉक्टरला इचारून येतो. उद्याच्याला जातो."

"उद्या नाय. आत्ता काढा. नाय तर मला रस्त्यावर नेऊन ठेवा, ट्रक येऊ दे अंगावर. मी खरं सांगते, मला आता जगायचं नाय."

तो बाहेर गेला आणि दुकानातून टायर कापायची सुरी घेऊन आला. दुसऱ्या हातात पाण्याची बादली. प्लास्टर भिजवत, कडेने थोडं थोडं कापत त्याने ते उघडलं. सासू माझं डोकं धरून बसली होती. मधेच सुरी घसरून माझ्या बरगडीला लागली, त्याची खूण अजून आहे. दोन्ही टरफलं बाजूला झाली तेव्हा आतलं बघून तो उठून अंगणात गेला आणि ओकला. परत येऊन त्याने मला कोमट पाण्याने पुसलं. तो रडत होता, पण आवाज न करता.

मी उभी राहू शकले नाही. त्याने काखेत हात घालून मला उभी केली, तर मी पुढे वाकलेली. सरळ होताच येत नव्हतं. प्लास्टर निघालं तरी पाठीचा आकार प्लास्टरचाच राहिला होता.

त्यानंतर मी चालायला लागले. कुणी सांगितलं म्हणून नाही. पडून राहण्याची मला भीती बसली होती, एवढंच. आधी भिंतीला धरून, मग अंगणात, मग घरामागच्या बांधावरून. पाऊस सुरू झाला तरी इरलं घेऊन मी बांधावर असायचे. लोक लावणीतून वर बघायचे. क्षयाची बाई हिंडते म्हणून बोलायचे. आणि मी हिंडले की अंग सुटायचं, जसं पहिल्या दिवसांत सुटायचं तसं.

नवऱ्याच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, "तू चाललीस का बरी दिसतेस, नि निजलीस का मरतेस. क्षयवाल्याला असं व्हतं का? आपून मुंबईच्या मोठ्या हास्पिटलात जाऊ."

मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो नंतर बघितला. आधी मला विचारलं, "सकाळी उठल्यावर जखडल्यासारखं होतं का? चालल्यावर वाढतं की कमी होतं? पहाटे दुखण्याने जाग येते का?" मी उत्तरं द्यायचं सोडून रडायलाच लागले. दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी माझ्या छातीभोवती टेप धरून मोठा श्वास घ्यायला सांगितला. छाती जवळजवळ फुगतच नव्हती.

ते म्हणाले, "हा क्षय नाही. हा पाठीच्या सांध्यांचा वात आहे. आतून सूज येते, आणि सूज फार वर्षं राहिली की मणके एकमेकांना जुळत जातात. पाठ म्हणजे एकच हाड होऊन बसतं. बायकांमध्ये चटकन ओळखू येत नाही."

नवऱ्याने विचारलं, "बरा व्हईल ना, साहेब?"

"मुळापासून जाणारा नाही. पण यांच्या जिवाला धोका नाही."

मी म्हटलं, "मग क्षयच असता तर बरं झालं असतं." ते मी मनापासून म्हणाले होते. क्षयाला शेवट होता, एका बाजूचा नाही तर दुसऱ्या बाजूचा.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की काही जणांचा हा आजार शांत होतो. वर्षानुवर्षं शांत राहतो, माणूस विसरूनही जातो. "कुणाचा होईल, ते छातीठोकपणे सांगता येत नाही. लवकर ओळखला तर फरक पडतो. तुमचा तसा उशिरा कळला. रोज हालचाल करणाऱ्यांचं जास्त चांगलं राहतं. गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्यायच्या, पोटात जळजळ झाली तर येऊन सांगायचं. उशी घ्यायची नाही. रोज थोडा वेळ पालथं निजायचं. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं राहायचं, डोकं मागे भिंतीला लागलं पाहिजे. आणि तुम्ही मिश्री लावता का?"

मी लावायचे. आमच्याकडे सगळ्याच बायका लावायच्या.

"ती बंद. तंबाखूचं काहीच नको."

घरी आल्यावर नवऱ्याने हे सगळं सासूला सांगितलं. ती ऐकून घेत होती. दुसऱ्या सकाळी तिने मला हाताला धरून पुढच्या विटांच्या भिंतीशी नेलं. "लाव टाचा," म्हणाली. डोकं भिंतीला लागत नव्हतं. तिने मागे हात घातला. "आक्खी मूठ जाती," ती म्हणाली, आणि स्वतःची मूठ बघत राहिली. मग ते रोजचं झालं. चहाच्या आधी भिंत. मी रडले, शिव्या दिल्या, तरी तिने सोडलं नाही. पुढे कधीतरी म्हणाली, "आज तीनच बोटं जातात बघ." पालथं निजणं तिला अशुभ वाटायचं, म्हणून त्या वेळी ती बाहेर जाऊन बसायची. पण निजले की नाही हे विचारायला विसरायची नाही. माझी मिश्री सुटावी म्हणून तिने घरात मिश्री भाजणं बंद केलं. तिला स्वतःला तलफ आली की ती शेजारी जायची.

गोळ्यांनी पहिल्या आठवड्यातच दुखणं निम्मं केलं. आजार शांत व्हायला मात्र दोन वर्षं लागली, आणि तो कधी शांत झाला ते मला सांगता येत नाही. एका सकाळी मी चुलीपाशी बसून भाकरी थापत होते आणि एकदम लक्षात आलं की आपण अंथरुणातून उठलो ते आठवतच नाही. सरळ उठून इथे आलो. मी पीठ लागलेले हात तसेच धरून बसले. घाबरले होते. हलले तर जाईल असं वाटलं.

गेलं नाही. सात-आठ वर्षं मी बरी होते. पाठ वाकायची नाही, जे जुळलं ते जुळलं, पण दुखणं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या आधी कमी केल्या, मग थांबवल्या. मी पुन्हा शाळेत जाऊ लागले. मुलाला घरी आणलं तेव्हा तो माझ्या आईला आई म्हणत होता आणि मला काहीच म्हणत नव्हता. कितीतरी दिवस त्याला माझ्याशी काही बोलायचं असलं की तो सासूला सांगायचा, "तिला सांग." हळूहळू आई म्हणायला लागला. पण एक पाहुणेपणा त्याच्यात राहिलाच.

मग सासू गेली. म्हातारपणाने, झोपेत. त्याच पावसाळ्यात माझं दुखणं परत आलं.

मी अजूनही त्यावर विचार करते. ती गेल्यावर भिंतीशी उभं राहणं मी सोडलं नव्हतं, तरी एखादा दिवस चुकत असेल. कामं वाढली होती, झोप कमी झाली होती. दुःख होतं. की आजार यायचाच होता, ती असती तरी? मुंबईच्या डॉक्टरांना मी विचारलं, "आला कशानं?" ते म्हणाले, "बाई, गेला कशानं हे तरी आपल्याला नक्की कुठे माहीत आहे? शांत झाला म्हणजे संपला असं नसतं." खरं तेच होतं. पण ज्याला कारण नाही त्याच्याशी माणसाने कसं भांडायचं? दुखण्यापेक्षा मला ते जास्त लागलं. आठ वर्षं मी समजत होते की मी जिंकले.

या खेपेला त्याने मान धरली. आणि डोळा. डावा डोळा लाल झाला, उजेड सोसवेना. त्या दिवसांत डोळ्यांची साथ होती, सगळ्या गावाचे डोळे आले होते, म्हणून मलाही तेच औषध घातलं. पाठीच्या आजारात डोळा आतून सुजतो हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईला पोचेपर्यंत उशीर झाला. त्या डोळ्याने मला आता माणूस उभा आहे एवढं दिसतं, कोण ते दिसत नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, त्यांनी पोटात व्रण झाला, बंद कराव्या लागल्या. मान पुढे झुकत गेली. आता समोरच्याचं तोंड बघायचं तर मला सगळं अंग मागे टाकावं लागतं.

हे सगळं मी सोसलं असतं. मुलगा सतरा वर्षांचा होता, कर्जतला कॉलेजात जात होता. त्याला पोलिसात भरती व्हायचं होतं. पहाटे धावायला जायचा. एके दिवशी मी चुलीपाशी होते आणि तो अंथरुणातून उठत होता. आधी कुशीवर वळला. हात जमिनीला टेकले. मग चौकट धरून उभा राहिला.

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. मी विचारलं, "कधीपास्नं?"

"काय कधीपास्नं?"

"कंबर. कधीपास्नं दुखतंय?"

"धावल्यानं हाय. पाय भरलेत."

"धावल्यावर वाढतं का कमी होतं?"

तो चादरीची घडी घालायला लागला. मला कळलं. मी म्हटलं, "उद्या मुंबईला जायचं."

तेव्हा तो ओरडला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता, पाहुण्यासारखाच वागला होता. "मी नाय येनार! मला तुज्यासारखं नाय व्हायचं. तू मला दूध दिलं नायस, घरात ठेवलं नायस, आनि द्यायचं तर ह्ये दिलंस!"

नवरा दुकानातून आला होता. त्याने हात उचलला. मी त्याला थांबवलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. डॉक्टरांनी मला पूर्वीच सांगितलं होतं की हा आजार रक्तातून जाऊ शकतो, सगळ्याच मुलांत नाही. आमचं एकच मूल होतं.

मी त्याच्यासमोर गेले, अंग मागे टाकलं, त्याचं तोंड बघितलं आणि म्हटलं, "हो रं. मीच दिलं. म्हनूनच मला आधी दिसलं. माझं दिसायला दोन वर्षं गेली, त्यातलं कितीतरी मी प्लास्टरात काढलं. तुझं आज दिसलंय. शिव्या दे मला, पन चल."

तो आला. एस्टीत माझ्यापासून लांबच्या बाकावर बसला. डॉक्टर आता पिकले होते. त्यांनी मुलाचा फोटो बघितला आणि मला म्हणाले, "अजून काही जुळलेलं नाही." मी त्यांना तीनदा तेच वाक्य म्हणायला लावलं. त्याला व्यायाम दिला, गोळ्या दिल्या, पोहायला सांगितलं. पोलीस भरतीचं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. मुलगा बाहेर जाऊन व्हरांड्यात बसला. पोलीस व्हायचं तिथेच संपलं.

पहिलं वर्ष त्याने काही केलं नाही. गोळ्या घ्यायचा, पडून राहायचा. मी विनवण्या केल्या, उपाशी राहिले. मग एकदा कळंबला आजीकडे गेला तो तिथेच राहिला आणि तिथल्या पोरांबरोबर नदीत पोहायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सगळ्यांनी सांगितलं होतं, मला माहीत नाही. परत आला तो सरळ चालत आला. नंतर रस्त्याकडेच्या एका कारखान्यात लागला, उभ्याचं काम. पाच वर्षं झाली, त्याचं दुखणं गप्प आहे. माझं नाही. त्याला लवकर कळलं, त्याने तंबाखूला हात लावला नाही, तो पोहतो, तो पुरुष आहे, त्याचं दुखणं घरात कुणी खोटं धरलं नाही. यातलं कशाने झालं ते मला निवडून सांगता येत नाही. पहाटे जाग आली की मी अंथरुणातच पडून त्याच्या खोलीतला आवाज ऐकते. तो एका दमात उठतो की थांबत थांबत, हे कळेपर्यंत मी श्वास रोखून धरते.

त्याचं लग्न झालं. सून समजूतदार आहे. परवा दोघी अंगणात तांदूळ निवडत बसलो होतो. तिला पाचवा महिना. ती मान खाली घालूनच म्हणाली, "आत्या, एक इचारू? बाळाला व्हईल का?"

मी म्हटलं, "ठाऊक नाय गं."

"डॉक्टरला पन ठाऊक नसंल?"

"नसंल."

ती सुपातले खडे वेचत राहिली. नंतर म्हणाली, "लवकर कळलं तर चांगलं ऱ्हातं ना? ह्यांचं ऱ्हायलं तसं?"

"ह्याचं ऱ्हायलंय अजून तरी."

"मग मला शिकवा. कसं वळखायचं? तुमी काय बघितलंत ह्यांच्यात?"

तोंडाने सांगून कळण्यासारखं ते नव्हतं. मी सूप बाजूला ठेवलं आणि जमिनीवर उताणी झाले. मग कुशीवर वळले, हात टेकले, खांबाला धरून उभी राहिले. तिने सगळं नीट बघितलं. एक हात पोटावर होता.

"परत एकदा दाखवा," ती म्हणाली.

मी परत खाली निजले.